ओमाहा किनारा: बोटीत काय चढलं, वाळूवर काय पोचलं

६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकी पायदळाची हकीकत बहुतेक वेळा शौर्याच्या अंगाने सांगितली जाते. ती वजनकाट्याच्या अंगानेही वाचता येते, आणि तशी वाचली की त्या सकाळी काय बिघडलं हे जास्त नीट कळतं. त्यासाठी जॉन स्पॉल्डिंग या सेकंड लेफ्टनंटच्या आठवणींसारखा दुसरा कागद नाही. पहिल्या डिव्हिजनच्या १६व्या रेजिमेंटमधल्या ई कंपनीत एका बोटीतली तुकडी त्याच्या हाताखाली होती. त्याची ही पहिलीच लढाई. फेब्रुवारी १९४५ मध्ये बेल्जियममध्ये फॉरेस्ट पोग या सैन्याच्या इतिहास-नोंदणीवरच्या सार्जंटने त्याचं बोलणं टिपून घेतलं. त्यात भाषणबाजी जवळजवळ नाही. कोणती वस्तू कुठे गेली, कोण कुठे पडलं, कोणाच्या हातात काय उरलं, एवढंच आहे.

आधी बोट पाहू. एलसीव्हीपी, म्हणजे लोकांच्या तोंडी हिगिन्स बोट, ३६ फूट लांब आणि ११ फुटांना जरा कमी रुंद. अंग प्लायवुडचं, पुढचा आडवा पडणारा दरवाजा पोलादी. भरलेली असताना मागच्या बाजूला तिला ३ फूट पाणी लागतं, पुढच्या बाजूला २ फुटांपेक्षा थोडं जास्त. सगळी योजना या आकड्यावर उभी होती: नाक वाळूला टेकलं की दरवाजा पाडायचा आणि माणसं गुडघाभर, फार तर मांडीभर पाण्यात उतरायची.

एका बोटीत साधारण ३१ जण. बसण्याचा क्रम हाच उतरण्याचा क्रम, म्हणून तो ठरलेला होता. सगळ्यांत पुढे अधिकारी आणि पाच रायफलवाले. त्यांच्या मागे काटेरी तार कापणारे चौघे. मग बीएआर या हलक्या मशीनगनच्या दोन जोड्या, बझुका या खांद्यावरून रॉकेट सोडणाऱ्या नळीच्या दोन जोड्या, ६० मिमी तोफेचे (मॉर्टरचे) चौघे आणि त्यांचे १५ ते २० गोळे, ज्वालाफेकीचे दोघे, शेवटी स्फोटकांचे पाच जण. अगदी मागे उपप्रमुख सार्जंट आणि प्रथमोपचारवाला. नेहमीच्या पलटणीची रचना मोडून ही मुद्दाम बनवली होती. प्रत्येक बोट म्हणजे एक सिमेंटचा बुरूज फोडू शकेल असा स्वयंपूर्ण संच. तारवाले वाट करणार, बीएआर आणि बझुका बुरुजाची फट गोळीबाराने दाबून धरणार, ज्वालाफेकवाला जवळ सरकणार, मग स्फोटकवाला लांब काठीवरचं पाकीट फटीत सारणार. यातला एक दुवा गेला की पुढचा निरुपयोगी. योजनेचा खरा कच्चा धागा मला हाच वाटतो.

आता वजनं. रायफल साडेनऊ पौंड, बीएआर जवळपास २०, मॉर्टर ४२, भरलेला ज्वालाफेक ७० च्या आसपास. त्याशिवाय प्रत्येकाच्या अंगात खिशाखिशांचं कॅनव्हासचं जाकीट. त्यात काडतुसं, हातगोळे, शिधा, फावडं. छातीवर रबरी पिशवीत विषारी वायूसाठीचा मुखवटा. कपडेसुद्धा वायूपासून बचाव म्हणून रसायनात बुडवून कडक केलेले. कोरड्या माणसाच्या अंगावर ६० पौंड, म्हणजे २७ किलो सहज भरत होते. ओलं झाल्यावर किती, त्याचा हिशेब कोणी कागदावर मांडला नव्हता.

जीवरक्षक पट्ट्याचा घोळ वेगळाच. दोन रबरी नळ्यांचा पट्टा, आत दाबलेल्या वायूच्या छोट्या कुप्या. चिमटा दाबला की तो फुगतो. तो काखेत वर बांधला तर डोकं पाण्याबाहेर राहतं. पण वर जाकीट, दारूगोळा आणि पट्ट्यांची गर्दी असल्यामुळे पुष्कळांनी तो कमरेला बांधला. कमरेला फुगा आणि पाठीवर २० किलो, म्हणजे माणूस पालथा होतो आणि पाय वर येतात. बुडालेल्यांपैकी काही असे पट्टा फुगलेला असतानाच गेले.

मोठी जहाजं किनाऱ्यापासून सुमारे ११ मैलांवर थांबली होती, कारण पॉइंट द्यू हॉक या जवळच्या कड्यावरच्या १५५ मिमी जर्मन तोफांच्या टप्प्यात कोणाला यायचं नव्हतं. हे अंतर सुरक्षित होतं, पण त्याची किंमत पायदळाने मोजली. अंधारात बोटी खाली सोडायच्या, सगळ्या जमेपर्यंत गोल फिरत राहायचं, मग रांगेने निघायचं, असे जवळपास तीन तास. लाटा तीन-चार फुटी, मधूनच सहा फुटी. बोटीचा पंप पुरत नव्हता, म्हणून माणसं लोखंडी टोपांनी पाणी उपसत होती. पायदळाच्या निदान दहा बोटी वाटेतच पाण्याने भरून बुडाल्या. ज्या पोचल्या त्यांतली माणसं ओकून ओकून गळालेली, पाय आखडलेले.

तशात किनाऱ्याला समांतर, पूर्वेकडे वाहणारा ओढा, म्हणजे समुद्राचा प्रवाह. दोन नॉटचा प्रवाह धरला तरी मिनिटाला साठेक मीटर. शेवटचे चार किलोमीटर कापायला बोटीला पंधराएक मिनिटं लागली आणि सुकाणूवाल्याने सतत पश्चिमेकडे तोंड ठेवलं नाही, तर ती ९०० मीटर भलतीकडे जाते. तोंड तसं ठेवायला किनाऱ्यावरची खूण दिसावी लागते. तोफांच्या धुराने आणि धुळीने खुणाच झाकल्या होत्या. ई कंपनीच्या बहुतेक बोटी पूर्वेला वाहत गेल्या आणि कोलव्हिलच्या घळीसमोर, सगळ्यांत कडक माऱ्याखाली पडल्या. स्पॉल्डिंगची बोट इझी रेड या भागात, दोन घळींच्या मधे लागली. त्याच्या तुकडीचं त्या दिवशी जे काही साधलं त्यात या जागेचा वाटा मोठा आहे.

ओमाहाची रचना सांगायला हवी. सुमारे ३० ते ५० मीटर उंचीचा गवताळ कडा, त्याला पाच ठिकाणी घळी. रणगाडे आणि गाड्या फक्त या घळींतूनच वर जाऊ शकतात. त्यामुळे जर्मनांनी आपले बुरूज घळींच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना बांधले आणि तोफांच्या फटी समुद्राकडे न ठेवता किनाऱ्याच्या लांबीकडे वळवल्या. समुद्राच्या बाजूला जाड सिमेंटची भिंत, म्हणजे जहाजांना फट दिसतच नाही, आणि वाळूवरच्या माणसाला मात्र गोळी कडेने लागते. घळींच्या मधला कडा त्यांनी सुरुंग, तार आणि खंदकांवर सोडून दिला होता. अमेरिकी योजना घळींवर थेट चाल करण्याची होती. मधल्या कड्यावरून चढायचं हे कोणत्याही नकाशावर मुख्य बाणाने दाखवलेलं नव्हतं.

भरतीची गोष्ट कोकणातल्या वाचकाला वेगळी समजवायला नको. पौर्णिमा होती, म्हणजे उधाण. ओहोटीचा तळ पहाटे साडेपाचच्या सुमारास, भरतीचा माथा अकराच्या सुमारास. पाणी उतरलं की सुमारे ३०० मीटर वाळू उघडी पडते. उतार इतका सपाट की उंचीत थोडं वाढलेलं पाणी आडवं कितीतरी सरकतं: साडेपाच तासांत ३०० मीटर, म्हणजे सरासरी मिनिटाला जवळपास एक मीटर, आणि मधल्या दोन तासांत त्याहून जास्त. साडेसहाची वेळ निवडली ती पाण्यातले अडथळे उघडे दिसावेत म्हणून: लोखंडी चौकटी, तिरके ओंडके, त्यांच्या टोकांना बांधलेले टेलर (रणगाडाविरोधी) सुरुंग, आणि किनाऱ्याजवळ रुळांचे त्रिकोणी काटे. बदल्यात पायदळाला ३०० मीटर उघड्यावर चालावं लागणार होतं. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि निवड करणाऱ्यांना हे माहीत होतं.

अडथळे फोडणाऱ्या अभियंत्यांना ५० यार्ड रुंदीच्या १६ वाटा करायच्या होत्या, त्यासुद्धा साधारण अर्ध्या तासात, कारण त्यानंतर पाणी खुंटांवर चढणार. प्रत्यक्षात सहा वाटा पूर्ण झाल्या, आणि खुणेच्या काठ्या-बावटे पाण्यात गेल्यामुळे त्यातली एकच नीट दाखवता आली. कारणं साधी होती. सामान बुडालं, बोटी भलतीकडे लागल्या, आणि सर्वांत वाईट म्हणजे गोळ्यांपासून वाचायला पायदळाची माणसं त्याच ओंडक्यांच्या आडोशाला बसली. स्फोटकं बांधून तयार, दोरी जोडलेली, आणि खुंटाला बिलगून आपलीच माणसं. या अभियंत्यांपैकी सुमारे ४० टक्के मेले किंवा जखमी झाले.

पायदळाला आधार म्हणून रणगाडे येणार होते. ३० टनांहून जड शर्मन रणगाड्याभोवती कॅनव्हासचा उंच पडदा, हवेच्या नळ्यांनी उभा धरलेला, मागे दोन पंखे, म्हणजे रणगाडा स्वतःच तरंगत किनाऱ्याला यायचा. शांत पाण्यात ही युक्ती चालते. पण पडदा फूटभर उंचीच्या लाटांसाठी बनवलेला होता आणि लाटा होत्या त्याच्या कितीतरी पट. ७४१व्या बटालियनने किनाऱ्यापासून सुमारे साडेपाच किलोमीटरवर २९ रणगाडे पाण्यात सोडले. २७ बुडाले. बाजूने लाट लागली की पडद्याचे आधार वाकतात, कॅनव्हास आत पडतो, आणि मग काही सेकंदांचा प्रश्न असतो. शेजारच्या ७४३व्या बटालियनचे रणगाडे वाहून आणणाऱ्या बोटींच्या प्रमुखाने, नौदलाच्या लेफ्टनंट रॉकवेलने, समुद्र पाहून रणगाडे पाण्यात न सोडता थेट वाळूवर नेले. एकच सकाळ, एकच समुद्र, दोन निर्णय. मला तर त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा निर्णय हाच वाटतो, आणि त्याच्या वाट्याला फार थोडं कौतुक आलं.

विमानांचं थोडक्यात: ढग होते, आपल्याच बोटींवर बॉम्ब पडू नयेत म्हणून ते काही सेकंद उशिरा सोडले, आणि ते किनारा ओलांडून शेतांत पडले, काही तर तीन मैल आत. बुरूज शाबूत राहिले. वाळूत लपायला बॉम्बचे खड्डेसुद्धा मिळाले नाहीत.

आता स्पॉल्डिंगकडे. दरवाजा पडला तेव्हा साधारण पावणेसात झाले असावेत. त्याने एक शहाणपणा केला: मी पाणी पाहिल्याशिवाय कोणी उतरायचं नाही असं सांगून स्वतः आधी उडी टाकली. पाणी कमरेएवढं. माणसं मागोमाग उतरली. पण बोटीचं नाक टेकलं होतं ते वाळूच्या दांड्यावर. ओमाहासारख्या सपाट किनाऱ्यावर असे दांडे असतात आणि त्यांच्या पलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, ओहोळासारखी खोल पट्टी असते. सुकाणूवाल्याला तळ लागला एवढंच कळतं, पुढे काय आहे ते कळत नाही. काही पावलांनंतर पाणी डोक्यावरून गेलं आणि ओढा डावीकडे खेचू लागला. पट्टे फुगवून पोहावं लागलं.

त्या पट्टीत तुकडीने गमावलं ते असं: ज्वालाफेक, मॉर्टर, दोनपैकी एक बझुका, मॉर्टरचे काही गोळे. स्पॉल्डिंगची स्वतःची कार्बाइन, म्हणजे आखूड रायफलही गेली. वर दिलेली बैठकीची यादी पुन्हा पाहा. मागच्या अर्ध्या बोटीचं काम त्या काही मीटरांत संपलं. बुरूज फोडणारा संच उरला नाही. रायफलींची एक टोळी उरली. प्रथमोपचारवाला आणि सार्जंट फिलिप स्ट्रेचिक यांच्याकडे १८ फुटी शिडी होती, रणगाडाविरोधी चर ओलांडण्यासाठी. गटांगळ्या खाणाऱ्या स्पॉल्डिंगने ती पकडली. स्ट्रेचिक ओरडला की साहेब, आम्हाला मदत नको. साहेब मदत करत नव्हते, मागत होते. उत्तर आफ्रिका आणि सिसिली पाहिलेल्या सार्जंटने नवख्या लेफ्टनंटला पुढे दिवसभर कसं सांभाळून नेलं असेल याचा अंदाज यावरूनच येतो.

वाळूवर आल्यावर धावता येईना. कपडे आणि खिसे पाण्याने भरलेले. समोरून सोसाट्याचा वारा असावा तशी माणसं चालत होती, असं तो सांगतो. रायफलींत वाळू गेलेली. उतरण्यापूर्वी रायफलींवर पारदर्शक पिशवी चढवलेली असे, पण ती फाटली किंवा घाईत आधीच काढली की ओली वाळू थेट खटक्यात शिरते. मग आडोशाला पडून भाग सुटे करायचे, पुसायचे, पुन्हा जोडायचे. दगडगोट्यांच्या बांधामागे अनेकांनी पहिलं काम हेच केलं.

रेडिओची हकीकत त्याच्याच आठवणीतली. खांद्यावरचा हातात धरायचा ५३६ सेट काढला, अँटेना ओढली, कंपनी कमांडर कॅप्टन वोझेन्स्कीला हाक मारू लागला. उत्तर नाही. पाहतो तर बोलायचा भागच गोळीने उडालेला. सेट फेकून द्यायला हवा होता, पण त्याने अँटेना नीट घडी करून तो परत खांद्याला लावला. कवायत भीतीतही हात सोडत नाही, हा त्याचाच निष्कर्ष.

बांधापलीकडे काटेरी तार. ती फोडायला बंगलोर टॉर्पेडो. हे नाव अपघाताने पडलेलं नाही. १९१२ साली बंगळुरात मद्रास सॅपर्स या सैन्याच्या अभियंता दलातल्या कॅप्टन मॅक्लिंटॉकने ही नळी तयार केली. अमेरिकी नमुन्यात पाच-पाच फुटांच्या, प्रत्येकी १३ पौंडांच्या नळ्या. पुढे गोल टोपण लावायचं म्हणजे ती तारेत अडकत नाही, मग एकेक नळी कडीने जोडत पुढे सारायची, शेवटच्या नळीत डिटोनेटर आणि वात, आणि पेटवून मागे येऊन पडायचं. तार उडून तीनेक मीटरची वाट होते. जमिनीतले उथळ सुरुंगही त्यात फुटतात. बिघडतं ते इथे: नळ्या पाण्यात हरवल्या तर लांबी पुरत नाही आणि पलीकडची अर्धी तार तशीच राहते, किंवा वात पेटवणारा चाप ओला होतो. स्पॉल्डिंगच्या तुकडीकडे पुरेशा नळ्या उरल्या होत्या. वाट झाली.

त्या वाटेपलीकडे पडक्या घराच्या भिंती, मग कड्याच्या पायथ्याची पाणथळ जागा. सरळ जायला गेले तर सुरुंग दिसले. एका शिपायाने पुढे सरकून, जिथे वरून थेट मारा लागत नव्हता अशी खोलगट वाट शोधली आणि बाकीचे एकामागे एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चढले. सुरुंगशोधक यंत्र नव्हतं. दोन्ही खांद्यांवर देवदूत बसले होते, असं स्पॉल्डिंग म्हणतो. यंत्र नसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणता येणार! वर जाताना बीएआरवाला बंदूक कमरेला टेकवून चालता चालता गोळ्या झाडत होता. मशीनगनच्या खड्ड्यातला माणूस शरण आला तो निघाला पोलिश. जर्मन सैन्यात भरती केलेल्यांपैकी.

माथ्यावर आल्यावर त्यांनी पश्चिमेकडे वळून पाच घळींपैकी ई-१ नावाच्या घळीच्या पूर्वेचा ६४ क्रमांकाचा बुरूज मागून गाठला. फटी वाळूकडे. मागे फक्त खंदक आणि पायऱ्या. ज्वालाफेक, मॉर्टर, काठीवरचं स्फोटक यांतलं काही लागलं नाही. हातगोळे आणि रायफली पुरल्या. वीसेक कैदी मिळाले. मग आपल्याच विनाशिकांचे गोळे जवळ पडू लागले तेव्हा उरलेला पिवळा धूर सोडून इथे आपण आहोत हे कळवावं लागलं. रेडिओ मेलेला असताना जहाजाशी बोलायचं एवढंच साधन.

वर हे चाललेलं असताना खाली गाड्यांची कोंडी झाली होती. भरतीने वाळूची पट्टी अरुंद केली, वाटा फुटल्या नव्हत्या, त्यामुळे साडेआठच्या सुमारास गाड्या उतरवणं थांबवावं लागलं. १११व्या तोफखाना बटालियनच्या १०५ मिमी तोफा पाण्यावर चालणाऱ्या डक गाड्यांवर लादल्या होत्या. तोफ, गोळे, वाळूच्या गोण्या, माणसं असं सगळं एका गाडीवर. १२ पैकी ११ तोफा गेल्या. हिशेब पुन्हा तोच: प्रत्येकाने आपल्या खात्यापुरतं थोडं जास्त चढवलं आणि बेरीज कोणीच केली नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एक जागा ओळखीची आहे. खडकवासल्याच्या जलाशयाकाठी दुसऱ्या महायुद्धात सैन्याला बोटीतून उतरण्याचा सराव देणारं संयुक्त केंद्र होतं, अँगोस्टुरा नावाचं नकली जहाजही तिथे उभारलं होतं, आणि नंतर एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी) ती जागा निवडण्यामागे हेही एक कारण होतं. जाळीवरून बोटीत उतरणं, बसण्याचा क्रम, दरवाजा पडताच दोन्ही बाजूंना पांगणं हे तलावात घोटून घेता येतं. भरती, ओढा आणि वाळूचा दांडा मात्र तलावात नसतो.

या आठवणी वाचताना एक पथ्य पाळावं. वस्तूंबद्दल स्पॉल्डिंग फार क्वचित चुकत असावा, कारण हातातून गेलेली वस्तू माणसाला आठवते. वेळेबद्दल त्याच्यावर इतका भार टाकू नये. गोळ्यांखालची दहा मिनिटं तासाएवढी होतात, आणि नोंद आठ महिन्यांनंतरची आहे. वेळा जहाजांच्या आणि रेजिमेंटच्या नोंदींवरून घ्याव्यात, घटनांचा क्रम त्याच्याकडून.

ई-१ घळीच्या दुसऱ्या बाजूचा बुरूज साडेअकराच्या सुमारास पडला. अभियंत्यांच्या बुलडोझरांनी गोट्यांचा बांध कापला, चर बुजवला, सुरुंग काढत वर रस्ता नेला. कोलव्हिलची घळ अजून बंद होती, व्हिएरव्हिलचीही. दुपारभर गाड्या वर गेल्या त्या मुख्यतः ई-१ नेच.